रजनीबाईंचं रशियन

रजनीबाई बिलोलीकरांना फुटसाल म्हणजे काय हे ज्या दुपारी पहिल्यांदा कळलं, त्याच दुपारी त्या एका देशाच्या फुटसाल संघाच्या दुभाषी झाल्या.

झालं असं की, हैदराबादेत पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची फुटसाल स्पर्धा भरली होती. आठ देशांचे संघ आले होते. त्यांतला एक मध्य आशियातल्या डोंगरी भागातला. त्या देशाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांचे प्रशिक्षक अजून नोकरीत आहेत. या संघाला इंग्रजी बेताचं, हिंदी मुळीच नाही. रशियन मात्र सगळ्यांना येत होतं. म्हणून आयोजकांनी त्यांच्यासाठी रशियन शिकलेला एक तरुण दुभाषी नेमला होता. संघ विमानतळावर उतरला आणि त्याच सकाळी या तरुणाच्या अंगावर कांजिण्या उठल्या.

संघाची देखभाल बघायचं काम संघपाल सोनकांबळेकडे होतं. संघपाल कुकटपल्लीत एका बँकेत नोकरीला. खेळाची हौस म्हणून सुट्टी टाकून स्पर्धेच्या कामाला लागलेला. त्याचे वडील भिवाजी एका सरकारी कारखान्यात स्टोअर्सचे अधिकारी होते. आपल्या कारखान्यात बिलोलीकर म्हणून एक बाई रशियन पुस्तकांचं भाषांतर करतात, असं वडील घरी सांगायचे, ते त्याला ऐन वेळी आठवलं. तो तडक सुलतान बाजारातल्या त्यांच्या घरी येऊन धडकला.

"मॅडम, तुम्हाला रशियन येतं ना?"

"येत होतं," रजनीबाई म्हणाल्या. "निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली. का रे?"

संघपालनं सगळं सांगितलं. फुटसाल म्हणजे छपराखाली खेळायचा फुटबॉल, प्रत्येक बाजूला पाच-पाच खेळाडू, लहानसं मैदान आणि फारसा न उसळणारा चेंडू, हेही सांगितलं.

रजनीबाईंचे यजमान दिगंबरराव जुने वकील. कोर्टात जाणं कमी झालं होतं, पण उलटतपासणीची सवय सुटली नव्हती. "पाचच जण?" त्यांनी विचारलं. "उरलेले सहा कुठं गेले?"

"अंकल, खेळच तसा आहे की."

"आणि चेंडू उसळत नाही?"

"नक्को उसळायला. उसळला तर छताला लागतो."

रजनीबाईंची अडचण वेगळीच होती. तीस वर्षं त्यांनी रशियनमधून भाषांतरं केली, पण ती यंत्रांच्या माहितीपुस्तकांची. कोणता नट किती आवळायचा, वंगण कधी बदलायचं, झाकण उघडण्यापूर्वी वीज का बंद करायची, हे त्यांना रशियनमध्ये झोपेतही सांगता आलं असतं. कारखान्यात अधूनमधून रशियन इंजिनिअर यायचे, तेही यंत्रांबद्दलच बोलायचे. "भूक लागली का" हे रशियनमध्ये कुणाला विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"माझं रशियन माणसांशी बोलायचं नाही रे," त्या म्हणाल्या.

"परवालेदु, मॅडम," संघपाल म्हणाला. 'काही हरकत नाही' अशा अर्थाचा तेलुगूतला हा शब्द त्याच्या तोंडात दर दोन वाक्यांनी येई. "आत्ता तिथं हॉटेलात बारा जण उभे आहेत आणि मी हातवारे करून त्यांना आंघोळीचं गरम पाणी समजावून आलोय."

एवढं ऐकल्यावर रजनीबाई उठल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

कुकटपल्लीतल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात संघ रांगेत उभा होता. पुढं प्रशिक्षक बोलोत असानोविच. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच आणि मिशा मात्र भरपूर. रजनीबाईंनी रस्ताभर मनात स्वागताचं वाक्य जुळवलं होतं. पण इतके चेहरे एकदम समोर आले आणि जिभेवर आलं ते जन्मभर केलेल्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं वाक्य.

"काम सुरू करण्यापूर्वी," त्या खणखणीत रशियनमध्ये म्हणाल्या, "सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात."

मग नुरलान नावाचा लांबलचक गोलकीपर फिस्सकन हसला. बोलोत असानोविचनी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, आणि मग रजनीबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाई, माझे वडील ट्रॅक्टर चालवायचे," ते म्हणाले. "आमच्या घरात एकच पुस्तक होतं. ट्रॅक्टरचं. वडील आम्हा भावंडांना तेच वाचून दाखवायचे. तुम्ही अगदी त्या पुस्तकासारखं बोलता!"

त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले होते.

त्या दिवसापासून रजनीबाई संघाच्या झाल्या. सकाळी मेट्रोनं कुकटपल्लीला जायचं, संघाबरोबर बसमध्ये बसून गच्चीबावलीच्या स्टेडियमवर जायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. गाडं हळूहळू रुळावर आलं, पण मजा व्हायचीच. चेंडूला त्या बेअरिंगमधल्या छर्‍याचा शब्द वापरायच्या. खेळाडू बदलायचा म्हणजे "सुटा भाग बदलणे". एकाचा गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं संघाला सांगितलं ते असं: "या सांध्यातलं वंगण कमी झालं आहे. दोन दिवस भार देऊ नये." मुलांनी दोन दिवस त्या पोराला "गंजलेला" म्हणून हाक मारली. पण सांगितलेलं सगळ्यांना नीट कळलं होतं, हे विसरून चालणार नाही.

पहिला सामना मालदीवशी होता. रजनीबाई संघाच्या बाकावर, अगदी कडेला बसल्या होत्या. फुटसालमध्ये दोन पंच मैदानावर असतात आणि तिसरे पंच टेबलाजवळ उभे राहून दोन्ही बाकांवर नजर ठेवतात. हे तिसरे पंच उंच, गंभीर गृहस्थ होते. खेळ रंगात आला आणि मैदानावरच्या पंचांनी एक फाउल संघाच्या विरुद्ध दिला. बोलोत असानोविच उडी मारून उभे राहिले आणि मिशा थरथरवत रशियनमध्ये असं काही बोलले की बाकावरच्या मुलांनी माना खाली घातल्या.

तिसरे पंच जवळ आले. त्यांनी रजनीबाईंना इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाले हे?"

बोलोत असानोविच म्हणाले होते ते असं: "याचे डोळे काढून मेंढीला दिले, तर मेंढीसुद्धा परत करील."

रजनीबाईंनी पदर सावरला. हे वाक्य त्यांना पूर्ण समजलं होतं, पण असं काही आपल्या तोंडून परक्या पुरुषाला सांगायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

"त्यांना वाटतं," त्या म्हणाल्या, "पंचांना त्या कोपर्‍यातून नीट दिसलं नसावं. एरवी पंचांबद्दल त्यांना फार आदर आहे."

पंचांनी हसून मान डोलावली. बोलोत असानोविचकडं बघून अंगठा वर केला आणि गेले. प्रशिक्षक बघतच राहिले.

तो सामना संघानं जिंकला. परतताना बसमध्ये गाणी चालली होती. तेवढ्यात नुरलाननं घोटाळा केला. त्याला थोडंफार इंग्रजी समजायचं, आणि रजनीबाई पंचांना काय म्हणाल्या ते त्यानं ऐकलं होतं. त्यानं ते सगळ्या बसला रंगवून सांगितलं. हसण्याचा गदारोळ झाला. बोलोत असानोविच मात्र हसले नाहीत. ते जागेवरून उठून रजनीबाईंच्या शेजारी येऊन बसले.

"बाई, ती शिवी माझ्या आजोबांची आहे," ते दुखावल्या स्वरात म्हणाले. "आमच्या गावात तिला मान आहे. मी ती इतक्या मनापासून दिली, आणि तो माणूस मला अंगठा दाखवून गेला!"

"पण तुम्हाला शिक्षा झाली असती."

"ती माझी मी भोगली असती. तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल की इथं हात घातला तर बोट तुटेल, तर तुम्ही काय लिहायच्या? इथं हात घातला तर जरा गुदगुल्या होतील?"

वार नेमका वर्मी बसला होता. तीस वर्षांत त्यांनी एका शब्दाची लबाडी केली नव्हती, आणि त्यांना त्याचा मनातून मोठा अभिमान होता.

घरी आल्यावर जेवताना त्यांनी दिगंबररावांना हे सांगितलं. त्यांना वाटलं होतं, नवरा आपली बाजू घेईल.

"तू चुकलीस," दिगंबरराव भाकरी मोडता मोडता म्हणाले. "आमच्या कोर्टात दुभाष्या शपथ घेतो. साक्षीदार शिवी देईल तर दुभाष्यानं शिवीच सांगायची. गोड करून सांगायला तू काय त्याची सासू आहेस?"

"अहो, पण मेंढी—"

"मेंढी तर मेंढी. ती पुराव्यात आली पाहिजे."

दुसर्‍या दिवशी रजनीबाईंनी बोलोत असानोविचना शब्द दिला. यापुढं जे बोलाल ते शब्दाला शब्द सांगीन. प्रशिक्षकांनी छातीवर हात ठेवून आभार मानले.

दुसरा सामना संघ हरला. तिसरा थायलंडशी होता, आणि त्यात बरोबरी जरी झाली तरी उपांत्य फेरी गाठता येणार होती. त्यातच सामन्याच्या आदल्या दिवशी सहायक प्रशिक्षकांनी मिर्ची का सालन हे मिरच्यांचं तिखट कालवण सूप समजून वाटीभर प्यायलं. ते हॉटेलच्या खोलीत आडवे झाले आणि बाकावर मोठं माणूस म्हणून बोलोत असानोविच एकटेच उरले. आणि अर्थात रजनीबाई.

थायलंडची मुलं वार्‍यासारखी पळत होती. मध्यंतरालाच त्यांचे दोन आणि आपला एक असे गोल झाले होते. दुसर्‍या डावात तिसरा गोल बसला. त्या गोलाच्या आधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, असं बोलोत असानोविचचं म्हणणं. पंचांचं म्हणणं तसं नव्हतं. प्रशिक्षक उभे राहिले. मिशा थरथरल्या. आजोबांची शिवी संपूर्ण, मोठ्यानं आणि स्वतःची काही भर घालून बाहेर पडली.

तेच तिसरे पंच जवळ आले. ओळखीचं हसले. "आज काय म्हणतात?"

रजनीबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला. माहितीपुस्तक वाचून दाखवायच्या त्याच संथ, स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "ते म्हणतात की, मैदानावरच्या पंचांचे डोळे काढून मेंढीला दिले, तर मेंढीसुद्धा ते परत करील."

पंचांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"मूळ शब्द मेंढीचा आहे," रजनीबाईंनी खुलासा केला. "मेंढ्याचा नव्हे. त्याच्या आधीचं वाक्य पंचांच्या शिट्टीबद्दल होतं. तेही सांगू?"

पंचांनी तोंडावर हात धरला. ते हसू दाबत होते की संताप, हे कुणालाच कळलं नाही. त्यांनी मुख्य पंचांना बोलावलं, कानात सांगितलं, आणि मुख्य पंचांनी बोलोत असानोविचना लाल कार्ड दाखवलं. म्हणजे आता बाहेर जायचं, आणि पुढच्या सामन्यालाही बाकावर बसायचं नाही.

इतकं अचूक भाषांतर करून इतकं वाईट रजनीबाईंना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बोलोत असानोविच मात्र ताठ मानेनं त्यांच्यासमोरून गेले, आणि जाता जाता कडक सलाम ठोकून म्हणाले, "शब्दाला शब्द! शाब्बास!" संघपाल त्यांना हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेला.

फुटसालमध्ये प्रत्येक डावात एकदा, मिनिटभर खेळ थांबवून घेता येतो. कर्णधारानं ते मिनिट मागितलं. दमलेली मुलं बाकाशी गोळा झाली. सवयीनं सगळ्यांनी जिथं बघितलं तिथं प्रशिक्षक नव्हते. मग सगळे रजनीबाईंकडं बघायला लागले.

"मला काय बघता?" त्या मराठीतच म्हणाल्या.

"काहीतरी बोला," नुरलान म्हणाला. "काहीही."

रजनीबाईंना काहीही येत नव्हतं. जे येत होतं ते त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"दाब वाढल्यास घाबरू नये," त्या म्हणाल्या. "यंत्र थांबवू नये. सर्व जोड तपासावेत. एक नळी बंद असल्यास दुसरीतून मार्ग द्यावा."

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरा हसला. खांदे सैल झाले. रजनीबाईंना जरा धीर आला. कर्णधार धापा टाकत होता, त्याला थोडं बसवावं असं त्यांना वाटत होतं, म्हणून त्या पुढं म्हणाल्या, "मुख्य भाग थकल्यास राखीव भाग बसवावा, आणि संपूर्ण शक्ती एका दिशेनं लावावी."

कर्णधारानं चमकून नुरलानकडं बघितलं. नुरलाननं कर्णधाराकडं बघितलं. मग नुरलान हातमोजे काढून बाकावर येऊन बसला. दुसर्‍या एका गड्यानं गोलकीपरच्या रंगाचा शर्ट चढवला आणि खेळ सुरू झाल्याबरोबर तो गोलात न थांबता थेट पुढं धावला. आपल्या गोलापाशी कुणीही उरलं नाही.

"अरे, हे काय!" रजनीबाई किंचाळल्या. "गोल मोकळा सोडला की!"

"तुम्हीच सांगितलंत ना," शेजारी बसलेला नुरलान म्हणाला. "राखीव भाग बसवा, सगळी शक्ती पुढं लावा. गोलकीपर काढून पाचवा गडी हल्ल्याला पाठवतात. हरत असलेला संघ शेवटी असं करतो."

"मी कर्णधाराला बसवायला सांगत होते!"

"आता झालं," नुरलान म्हणाला, आणि दोघंही मैदानाकडं बघायला लागले.

पाच गडी चेंडू या पायातून त्या पायात फिरवत होते. थायलंडच्या मुलांना कुणाला अडवावं ते उमगेना. मध्येच त्यांतल्या एकानं चेंडू हिसकावून थेट मोकळ्या गोलाकडं मारला. रजनीबाईंनी डोळे मिटून घेतले. चेंडू खांबाला हात लावल्यासारखा घासून बाहेर गेला. पुढच्याच हल्ल्यात संघाचा दुसरा गोल झाला. आणि अगदी घड्याळ संपत आलं असताना तो "गंजलेला" पोरगा, ज्याच्या सांध्यातलं वंगण कमी होतं, गर्दीतून घुसला आणि त्यानं गुडघ्यानंच चेंडू आत ढकलला. तीन-तीन.

पुढं काय झालं ते रजनीबाईंना धड आठवत नाही. आपल्याला कुणीतरी उचललं होतं, आणि आपण "खाली ठेवा, भार क्षमतेपेक्षा जास्त आहे" असं रशियनमध्ये ओरडत होतो, एवढं त्या सांगतात.

बोलोत असानोविच हा सगळा वेळ दाराबाहेर संघपालबरोबर उभे होते. आतला आरडाओरडा ऐकून त्यांनी चहाचे तीन कप संपवले होते. आत आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "गोलकीपर काढायचं कुणी ठरवलं?"

सगळ्यांनी रजनीबाईंकडं बोट दाखवलं. रजनीबाईंनी खरं काय ते सांगून टाकलं. आपण तसं म्हणालोच नव्हतो, हा सगळा शब्दांचा घोळ आहे.

"मला आज आत ठेवलं असतं ना," बोलोत असानोविच म्हणाले, "तर मी हे केलं नसतं. शिव्या मोठ्या देतो, पण मनानं भित्रा आहे मी." आणि ते एवढे मोठ्यानं हसले की तिसरे पंचसुद्धा वळून बघायला लागले.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सहायक प्रशिक्षक दही-भातावर पुन्हा उभे राहिले होते, त्यामुळं बाकाची चिंता मिटली. चिंता होती ती बोलोत असानोविचची. त्यांना प्रेक्षकांत बसायचं होतं, आणि तिथून संघाला एक शब्दही सांगायची परवानगी नव्हती. संघपालनं युक्ती काढली. त्यानं दिगंबररावांना पास दिला आणि प्रशिक्षकांच्या शेजारी बसवलं.

"अंकल, यांना ओरडू देऊ नका. बस्स."

दिगंबररावांनी नियम विचारून घेतला. संघाशी बोलायचं नाही, हे त्यांना मान्य होतं. "पण माझ्याशी बोलायला कायद्याची आडकाठी नाही ना?" त्यांनी संघपालला पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

मग सामनाभर रजनीबाईंना बाकावरून जे दिसत होतं ते असं. बोलोत असानोविच दिगंबररावांच्या कानाशी तोंड नेऊन रशियनमध्ये तावातावानं काहीतरी सांगायचे. दिगंबरराव ते शांतपणे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मग स्वतः उभे राहून मैदानाकडं बघत अस्सल हैदराबादी सुरात ओरडायचे, "अरे दबाव डालो मियाँ! परेशान कायकू होरे!" बोलोत असानोविचना ते भाषांतर पसंत पडलेलं दिसत होतं, कारण दर वेळी ते दिगंबररावांच्या पाठीवर थाप मारत होते. मैदानावरच्या मुलांना यातलं अक्षरही कळत नव्हतं.

संघ एका गोलानं हरला. मुलं थोडी रडली, मग त्यांनी रजनीबाईंबरोबर फोटो काढले. नुरलाननं आपले हातमोजे त्यांना भेट दिले. ते घामट होते, पण त्यांनी ते पर्समध्ये नीट घडी करून ठेवले.

संघाची बस बाहेर हॉर्न वाजवत उभी होती. सगळे चढले, पण प्रशिक्षकांचा पत्ता नव्हता. रजनीबाई शोधायला परत आत गेल्या. रिकाम्या पायर्‍यांवर दोघंही म्हातारे अजून बसलेले होते. मधे पोह्यांच्या चुडव्याचा डबा होता. पंचांनी शेवटी दिलेल्या फाउलवर वाद चालला होता. दिगंबरराव मराठीत मुद्दे मांडत होते, बोलोत असानोविच रशियनमध्ये खोडून काढत होते, आणि दोघंही बोटांवर काहीतरी मोजत होते.

"चला," रजनीबाई दोन्ही भाषांत म्हणाल्या. "बस थांबलीय."

"थांब ग," दिगंबरराव हात वर करून म्हणाले. "यांचं म्हणणं अजून पूर्ण झालं नाही."

रजनीबाई वरच्या पायरीवर बसल्या, चपला काढून पाय मोकळे केले, आणि डब्यातून मूठभर चुडवा घेतला.